दहा माणसं कमी केली तरी जागा का होत नाही? वर्गात अडलेला प्रश्न

फळ्यापाशी (मूळ प्रश्न; पुढची शीर्षकं ही लिहिणाऱ्यांची टोपणनावं)

मी नववीला भूगोल शिकवतो. एकवीस वर्षं झाली. लोकसंख्येचा धडा दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो एकाच वळणाने शिकवत आलो: माणसं वाढली, जमीन-पाणी होतं तेवढंच राहिलं, म्हणून टंचाई. आकडे तोंडपाठ आहेत. १९६० मध्ये ३०० कोटी, १९९९ मध्ये ६०० कोटी, १५ नोव्हेंबर २०२२ ला ८०० कोटी. फळ्यावरची रेघ वर चढायला लागली की मुलं आपोआप गप्प होतात.

यंदा म्हटलं, वाटणी कशी झालीय तेही दाखवू. बाकं भिंतीला सरकवली आणि जमिनीवर दहा बाय दहा फरशांचा चौकोन खडूने आखला. शंभर फरशा म्हणजे जगातली सगळी संपत्ती, वर्गातली पन्नास मुलं म्हणजे सगळं जग. आधी प्रत्येकाला दोन फरशा दिल्या. सगळी ऐसपैस उभी राहिली. मग चिठ्ठ्या टाकल्या आणि २०२२ च्या जागतिक विषमता अहवालात आहे तशी वाटणी केली. वरच्या दहा टक्क्यांकडे ७६ टक्के संपत्ती, मधल्या चाळीस टक्क्यांकडे २२ आणि खालच्या निम्म्या जगाकडे २. म्हणजे पाच मुलांना ७६ फरशा, वीस जणांना २२, आणि पंचवीस जणांना मिळून दोन.

दोन फरशांवर पंचवीस मुलं उभी राहत नाहीत. एका पायावर राहिली, एकमेकांच्या खांद्यांना धरून राहिली, आणि शेवटी सगळा घोळका खडूच्या रेघेबाहेर कलंडला. तिकडे पाचांतला एक मुलगा आपल्या वाट्याच्या फरशा मोजत चालला होता. पंधरा भरल्यावर त्याने विचारलं, "सर, या सगळ्यांवर उभं राहायचं, का एकीवर राहिलं तरी चालेल?" चिडवायला नाही, त्याला खरंच कळत नव्हतं.

मग घोळक्यातली एक मुलगी म्हणाली, "आमच्यातले दहा जण बाहेर गेले तर बाकीच्यांना जागा होईल ना?" म्हटलं, करून बघू. दहा जणांना भिंतीपाशी पाठवलं. उरलेल्या पंधरा जणांना दोन फरशा पुरेनात. आणखी दहा गेले. पाच उरले, तेव्हा कुठे ते दाटीवाटीने मावले. ती मुलगी तोपर्यंत भिंतीपाशी पोचली होती. तिने तिथूनच विचारलं, "पुस्तकात आहे की माणसं वाढली म्हणून साधनं कमी पडतात. आता वीस माणसं कमी झाली. मग मोकळ्या झालेल्या फरशा कुठे आहेत?"

एकही फरशी मोकळी झालेली नव्हती. तेवढ्यात घंटा झाली, आणि ती झाली म्हणून मला हायसं वाटलं हे इथे कबूल करतो.

पुढचा तास सोमवारी आहे. मी इतकी वर्षं चुकीचं शिकवलं, का माझा हा प्रयोगच दिशाभूल करणारा आहे? तिला काय सांगू?

जमाखर्च

सर, प्रयोगात एक मोठी गफलत आहे. संपत्ती म्हणजे साधनं नव्हेत. शेअर, कंपन्यांची मालकी, शहरातल्या जागांचे फुगलेले भाव, हे सगळं त्या ७६ टक्क्यांत येतं. अब्जाधीश लाखो माणसांचं अन्न खाऊ शकत नाही. त्याने शेअर विकले म्हणून पृथ्वीवर एक झाडही जास्त उगवत नाही. निसर्गावरचा भार दाखवायचा असेल तर कार्बन उत्सर्जन घ्या, जमीन घ्या, पाणी घ्या.

दुसरं म्हणजे, दोन फरशांवरची पंचवीस मुलं कायम तिथेच राहणार नाहीत, आणि राहूही नयेत. त्यांना घरं हवीत, वीज हवी, दवाखाने हवेत. तो त्यांचा हक्कच आहे. पण सगळं जग सरासरी अमेरिकन माणसासारखं राहायला लागलं तर जवळपास पाच पृथ्व्या लागतील असा हिशेब मांडला जातो. आजच आपण वर्षाला पृथ्वी भरून काढू शकते त्याच्या पावणेदोन पट खर्च करतो आहोत. उद्या खालची निम्मी माणसं वर आली की माणसांची संख्या तितक्याच जोरात भोवणार. आज ती गरीब आहेत म्हणून भार कमी, आणि म्हणून संख्येची काळजी करू नका, असं म्हणणं म्हणजे त्यांनी गरीबच राहावं असं गृहीत धरणं झालं.

आणि माणसांपलीकडचं जग? २०१८ मध्ये एका अभ्यासाने पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनाचा अंदाज मांडला. पाळीव जनावरं सुमारे ६० टक्के, माणूस ३६ टक्के. हत्ती, देवमासे, हरणं, वाघ, उंदीर असे सगळे रानटी प्राणी मिळून ४ टक्के. हा आकडा वाचला त्या रात्री मला झोप आली नाही. वाटणी कितीही न्याय्य केली तरी ही जागा आपण सगळ्यांनी मिळूनच बळकावलेली आहे.

काळीमाती

जमाखर्च यांचा शेवटचा मुद्दा मला मान्य आहे. पण त्या ६० टक्क्यांवर जरा थांबू या, कारण ती पाळीव जनावरं खातात काय, यातच सरांच्या विद्यार्थिनीचं अर्धं उत्तर आहे.

मी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत काम करतो. दिवसभर तराजूशी संबंध, म्हणून एक वजन सांगतो. जगात वर्षाला साधारण २८० कोटी टन तृणधान्य पिकतं. त्याला ८०० कोटींनी भागा. माणशी ३५० किलो येतं, म्हणजे रोजचं जवळजवळ एक किलो. तान्ह्या बाळापासून म्हाताऱ्यापर्यंत प्रत्येकाला, आणि यात कडधान्यं, तेलबिया, कंद, भाजी, फळं धरलेलीच नाहीत. एक किलो धान्य तराजूत घालून बघा, एका माणसाला दिवसाकाठी संपायचं नाही. तरीही २०२४ मध्ये सुमारे ६७ कोटी माणसं उपाशी होती, असा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे.

मग ते किलोभर धान्य जातं कुठे? तिसऱ्या हिश्श्याहून जास्त जनावरांच्या खाद्यात. अमेरिकेत मक्याचा तिसऱ्या हिश्श्याहून मोठा वाटा इथेनॉलसाठी जातो, म्हणजे गाडीच्या टाकीत. आणि २०२२ मध्ये घरं, खानावळी आणि दुकानं यांनी मिळून १०५ कोटी टन अन्न वाया घालवलं. त्यातला निम्म्याहून जास्त भाग घरांतला.

इंग्रज अर्थतज्ज्ञ माल्थसने १७९८ मध्ये लिहिलं की माणसं गुणाकाराने वाढतात आणि अन्न बेरजेने. त्याच्या वेळी जग १०० कोटींचंही नव्हतं. त्याला हवेतला नायट्रोजन खताच्या रूपाने मातीत आणण्याची युक्ती दिसणं शक्य नव्हतं. फ्रिट्झ हाबरने ती प्रयोगशाळेत साधली आणि कार्ल बॉशने तिचा कारखाना केला. १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊला तो सुरू झाला. आज जगातली साधारण निम्मी माणसं त्या खतावर जगतात. पण तेही खत कसं वाटलं गेलंय बघा. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत हेक्टरी जेमतेम वीस किलोच्या आसपास पडतं, आणि जगाची सरासरी शंभराच्या वर आहे. एकीकडे इतकं ओततात की ते नद्यांतून समुद्रात जाऊन मासे मारतं, दुसरीकडे पीक पिवळं पडून उभं असतं. पिवळ्या पानाची टोकं करपायला लागली की मला माती न तपासताही कळतं तिला काय हवंय. ते तिथे पोचत नाही, कारण घेणाऱ्याकडे पैसे नाहीत.

दुष्काळाचंही तेच. आयर्लंडमध्ये १८४५ नंतर बटाट्यावर रोग पडला आणि सुमारे दहा लाख माणसं मेली. त्याच वर्षांत तिथल्या बंदरांतून धान्य आणि जनावरं बाहेर जात होती. बंगालमध्ये १९४३ ला वीस ते तीस लाख माणसं गेली. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये हिशेब मांडून दाखवलं की त्या वर्षी उपलब्ध असलेलं धान्य १९४१ पेक्षा कमी नव्हतं, आणि १९४१ ला दुष्काळ नव्हता. भाव चढले, मजुरी चढली नाही. शेतमजूर आणि कोळी आधी गेले.

सर, तुमच्या विद्यार्थिनीला आयर्लंडचं जरूर सांगा. १८४१ मध्ये त्या बेटावर ऐंशी लाखांहून जास्त लोक होते. पुढे उपासमारीने आणि देशांतराने संख्या निम्म्यावर आली आणि आजही ती १८४१ एवढी झालेली नाही. पण जे आगबोटीत चढले त्यांची जमीन मागे राहिलेल्यांना मोकळी मिळाली नाही. पुष्कळ ठिकाणी कुळं गेली आणि जमीनदारांनी त्या रानात गुरं सोडली.

फळ्यापाशी

जमाखर्च, तुमची दुरुस्ती मान्य. संपत्तीच्या जागी उत्सर्जन घेऊन सोमवारी परत फरशा आखतो. काळीमाती, गुरांचा मुद्दा वाचून बराच वेळ बसून राहिलो.

पण एक गोष्ट अजून गळ्याशी अडकली आहे. संख्या महत्त्वाची नाही असं मी वर्गात म्हणू लागलो तर तेही खोटंच होईल ना? मुलींना काय वाटेल?

रात्रपाळी

सर, मी परिचारिका आहे, बावीस वर्षं प्रसूती कक्षात. म्हणून मुलींचं विचारलंत तिथूनच सुरू करते.

तुमच्या चर्चेत माणसांची संख्या ही पावसासारखी आकाशातून पडल्यासारखी वाटते. ती आमच्या कक्षात, एकेका बाईच्या अंगातून येते. जगात २१ कोटींहून जास्त बायका अशा आहेत की ज्यांना सध्या मूल नको आहे, पण त्यांच्यापर्यंत गर्भनिरोधनाची आधुनिक साधनं पोचलेली नाहीत. गरोदरपणात आणि बाळंतपणात जगात रोज सातशेच्या आसपास बायका मरतात. त्यातल्या बहुतेक सर, तुमच्या त्या दोन फरशांवरच्या.

एक बाई आमच्याकडे यायची. तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन असतं, ते घ्यायला. चार मुलं होती, पाचवं नको होतं, घरी मात्र हे बोलायची सोय नव्हती. म्हणून तिचं कार्ड ती घरी नेत नसे, माझ्या टेबलाच्या खणात ठेवायची. पुढची तारीख लक्षात राहावी म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून जायची आणि आली की माझ्यासमोर सोडायची. दोन वर्षांत तिची एकही तारीख चुकली नाही. एकदा आली तर साठा संपलेला. मागणी महिनाभर आधी गेली होती, वरून माल आला नव्हता. मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात ये. पुढच्या आठवड्यातही नव्हता. तिला दर खेपेला अर्ध्या दिवसाची मजुरी सोडून यावं लागायचं. तिसऱ्या खेपेनंतर ती आली नाही. आली ती एकदम पाचव्या महिन्यात. मी खणातून कार्ड काढलं, तर तिने ते हातात घेऊन नुसतं पाहिलं आणि परत माझ्यापुढे ठेवलं. एक शब्द बोलली नाही. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

ते बाळ आज लोकसंख्येच्या आकड्यात एक आहे. जमाखर्च दादा, तुम्ही त्याला संख्येच्या खात्यात टाकाल. काळीमाती दादा वाटणीच्या खात्यात. मला ती दोन खाती वेगळी दिसतच नाहीत. औषध कारखान्यात होतं, गोदामात होतं, तिच्यापर्यंत आलं नाही. ज्या वाटणीने तिला शेवटी ठेवलं, त्याच वाटणीने संख्या वाढवली.

संख्या कमी कशाने होते हेही आता जगाला माहीत आहे. १९६० च्या सुमारास जगात एका बाईला सरासरी पाच मुलं होत, आता सव्वादोन होतात. बांगलादेश स्वतंत्र झाला तेव्हा तिथे जवळपास सात होती, आज दोनच्या आसपास. तिथे बायकाच पिशवीत गोळ्या घेऊन दारोदार फिरल्या. इराणमध्ये १९८० च्या दशकात सहाच्या वर होती, वीस वर्षांत दोनवर आली, आणि त्याच काळात मुली मोठ्या संख्येने शाळा-कॉलेजात गेल्या. लोक चीनचं उदाहरण देतात की बळजबरी केली म्हणून जमलं. पण चीनमध्ये १९७० ते १९७८ या काळातच सहाच्या जवळून तीनच्या खाली आली होती. एक मुलाचं धोरण त्यानंतर आलं आणि २०१५ पर्यंत टिकलं. त्याने काय काय केलं हे एका सुईणीला विचारू नका, मला लिहवत नाही.

१९९४ मध्ये कैरोच्या लोकसंख्या परिषदेत १७९ देशांनी मान्य केलं की आकड्याचं लक्ष्य ठेवून बाईच्या मागे लागायचं नाही, तिचं शिक्षण, तिचं आरोग्य आणि तिचा निर्णय यांपासून सुरुवात करायची. तेव्हा मी शिकत होते. आमच्या बाईंनी ती बातमी वर्गात वाचून दाखवली होती.

सर, मुलींना सांगा की संख्येचा प्रश्न खरा आहे. फक्त त्यांच्याकडे बोट दाखवून सांगू नका.

जमाखर्च

ताई, खाती वेगळी नाहीत हे पटलं. मी माझं म्हणणं सगळं मागे घेत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे २०८० च्या दशकाच्या मध्यावर जग १०३० कोटींच्या घरात जाऊन मग उतरायला लागेल. म्हणजे अजून दोनशे कोटींहून जास्त माणसं यायची आहेत, कारण आज तरुण असलेल्यांची संख्याच मोठी आहे. प्रत्येकीला दोनच मुलं झाली तरी काही काळ आकडा वाढत राहणार. त्यांना जागा करून द्यायची तर वरच्यांना आवरावं लागेल आणि खालच्यांपर्यंत ते इंजेक्शनही पोचवावं लागेल. यातलं आधी कोणतं, हा वाद मी सोडून देतो.

सर, उत्सर्जनाची वाटणी तुमच्या त्या विषमता अहवालातच आहे: वरचे दहा टक्के ४८, मधले चाळीस टक्के ४०, खालचे पन्नास टक्के १२. सोमवारचं काय झालं ते मात्र लिहा.

फळ्यापाशी

सोमवार झाला.

तुमच्या आकड्यांनी फरशा आखल्या. पाच जणांना ४८, वीस जणांना ४०, पंचवीस जणांना १२. चिठ्ठ्या नव्याने टाकल्या. ती मुलगी या खेपेला मधल्या वीसांत आली. आधी सांगितलं की आज फरशी म्हणजे उभं राहायची जागा नाही, हवेत सोडलेला धूर आहे. जास्त फरशा म्हणजे जास्त धूर. मग म्हटलं, मागच्या वेळेसारखं माणसं कमी करून बघू या. खालची पंचवीसच्या पंचवीस मुलं भिंतीपाशी गेली. निम्मं जग नाहीसं झालं, ४०० कोटी माणसं. मोकळ्या झाल्या बारा फरशा.

त्यांना परत बोलावलं. ती मुलगी स्वतःच्या पायाखाली बघत होती. म्हणाली, "आमच्या प्रत्येकाकडे दोन-दोन आहेत. या पाच जणांनी आमच्याएवढ्याच ठेवल्या तर?" फळ्यावर तिनेच मांडलं. पाच दुणे दहा. अठ्ठेचाळीसातून दहा गेले, राहिले अडतीस. एकही माणूस कमी न करता अडतीस फरशा. मी एकवीस वर्षांत ही वजाबाकी कधी केली नव्हती.

पाचांतल्या एकाने लगेच विचारलं की दोनवर भागतं का. वीस जणांनी एकदम सांगितलं की भागतं, आम्ही उभे आहोत की. तेव्हा मला जमाखर्चांचं सांगावं लागलं. सगळ्यांनी दोन-दोन घेतल्या तर शंभरच्या शंभर भरतात, आणि हवामानाच्या दृष्टीने शंभर फरशा हासुद्धा परवडणारा आकडा नाही, तो अजून खाली यायला हवा. यावर वर्ग बराच वेळ शांत होता. ही शांतता मला रेघ वर चढताना होते तशी वाटली नाही. मुलं पुटपुटत हिशेब करत होती.

रात्रपाळी ताई, तुमच्या खणातल्या कार्डाचं सांगितलं. औषधाचं नाव घेताना अडखळलो, मग घेतलं. आयर्लंडचंही सांगितलं, काळीमाती.

तास संपता संपता मागच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला. तो एरवी बोलत नाही. त्याने विचारलं, "शंभर फरशा पन्नास जणांत वाटल्या. मग प्राणी कुठल्या फरशीवर आहेत?" जमाखर्च, हा तुमचाच चार टक्क्यांचा प्रश्न, आणि तो त्याने कुठेही न वाचता विचारला. पुढच्या सोमवारी त्याच्या हातात खडू देणार आहे. शंभरातल्या किती फरशा कुणालाच द्यायच्या नाहीत, हे वाटणीच्या आधी त्याने आखायचं.

जमिनीच्या वापराचे असेच दहा-चाळीस-पन्नासच्या हिशेबातले आकडे कुणाकडे असतील तर शनिवारपर्यंत इथे टाका. शाळेत रविवारी कुलूप असतं, आखणी आदल्या दिवशीच करून ठेवावी लागते.